न्यायाचा निरोप

कालिदासाच्या 'शाकुंतल' नाटकात सहाव्या अंकाच्या आरंभी एक लहानसा प्रवेश आहे. शकुंतलेच्या दुःखाकडे लागलेले वाचकाचे चित्त त्या प्रवेशावर फारसे ठरत नाही. परंतु मला मात्र तो दरवर्षी वर्गात सांगावासा वाटतो. एका गरीब कोळ्याजवळ राजाचे नाव कोरलेली अंगठी सापडते. नगररक्षक त्याला चोर ठरवून, हात बांधून घेऊन येतात. अंगठी माशाच्या पोटात मिळाली असे तो काकुळतीने सांगतो, पण असले बोलणे खरे कोण मानणार? बरोबरचे दोन शिपाई तर त्याचा जीव घेण्यास उतावीळ झालेले असतात. सुदैवाने त्यांचा वरिष्ठ अंगठी घेऊन राजवाड्यात जातो, आणि परत येतो तो राजाचा हुकूम व अंगठीच्या मोलाचे बक्षीस घेऊनच. कोळी त्याच क्षणी मोकळा होतो.

या प्रवेशात राजाने न्याय केला, हे तर उघडच आहे. पण समजा, तो अधिकारी वाटेत रेंगाळला असता, किंवा हुकूम भलत्याच दारी जाऊन पडला असता, तर? राजाच्या मनात कोळी निर्दोष ठरला असता आणि शिपायांच्या हातून तो निर्दोष माणूसच मेला असता. न्यायाधीशाने निकाल दिला म्हणजे न्याय पुरा झाला असे आपण समजतो. वस्तुतः ज्याच्या हाती दोरी आहे त्याच्या कानी तो निकाल पोचतो, तेव्हाच न्याय पुरा होतो. आजच्या काळात हा निरोप पोचवण्याचे काम संगणकाकडे आले आहे. ते नीट व्हावे यासाठी काय करावे, याविषयी माझे काही विचार वाचकांपुढे, विशेषतः माझ्या विद्यार्थ्यांपुढे, मांडण्याचे योजिले आहे.

एखाद्या गुन्ह्याचा कागद किती घरे फिरतो ते आधी पाहू. पोलीस ठाण्यात प्रथम खबर नोंदली जाते, तीच एफ.आय.आर. मुद्देमाल तपासणीसाठी न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातो. दोषारोपपत्र सरकारी वकिलाच्या नजरेखालून न्यायालयात येते. आरोपी जामिनावर नसेल तर तो तुरुंगात असतो. ठाणे, प्रयोगशाळा, वकील, न्यायालय आणि तुरुंग अशी ही पाच घरे आहेत. प्रत्येकाची वही निराळी, क्रमांक निराळा आणि कारकूनही निराळा! त्याच माणसाचे नाव, वय व गाव पाच वेळा लिहिले जाते. आणि जे पाच वेळा लिहिले जाते ते पाच प्रकारे लिहिले जाते, हा अनुभव कोणत्याही शिक्षकास नवा नाही.

आमच्या जोयडा तालुक्यात तर ही अडचण दुप्पट होते. घरात आपण कोंकणी बोलतो, या शाळेत मराठी शिकतो, सरकारी दप्तर कन्नडमध्ये असते आणि संगणकावर पुष्कळदा इंग्रजी अक्षरे उमटतात. 'गावकर' हे साधे आडनाव घ्या. ते मराठीतून कन्नडमध्ये आणि कन्नडमधून इंग्रजीत जाताना तीन-चार रूपे धारण करते. एकाच वाड्यावर एकाच नावाचे, एकाच आडनावाचे आणि एकसारख्याच वडिलांच्या नावाचे दोघेतिघे सापडणे हीही नवलाची गोष्ट नव्हे. गावांची गत तीच. हा तालुका जुन्या कागदांत 'सुपा' या नावाने आहे. काळी नदीवर धरण झाले, सुप्याची जुनी वस्ती पाण्याखाली गेली, कचेऱ्या जोयड्यास आल्या आणि तालुक्याचे नावही बदलले. आमचा जिल्हा पूर्वी मुंबई राज्यात होता. तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आला. आजोबांचा कागद एका राज्याचा, वडिलांचा दुसऱ्या तालुक्याचा आणि मुलाचा तिसऱ्या लिपीतला, अशी कुटुंबे येथे कितीतरी आहेत. त्यातून रोजगारासाठी अनमोडचा घाट उतरून गोव्यात जाणाऱ्यांची भर. राज्य बदलले की पोलीसही बदलतात आणि वह्याही बदलतात.

याचे फळ काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. आमच्या एका माजी विद्यार्थ्यास बाहेरगावी बरी नोकरी मिळण्याचे ठरले. चारित्र्य पडताळणीच्या वेळी त्याच्या नावापुढे एक फौजदारी खटला प्रलंबित असल्याचा शेरा आला. खटला होता हे खरे. गावच्या जत्रेत दोन तट भांडले, आणि तेथे उभ्या असलेल्या दहा-बारा जणांची नावे फिर्यादीत गेली, त्यात याचेही गेले. परंतु न्यायालयाने त्या सर्वांची निर्दोष मुक्तता करूनही तोवर तीन वर्षे लोटली होती! मुक्ततेचा निकाल न्यायालयाच्या दप्तरात सुखरूप होता. ठाण्याच्या यादीत मात्र तो कधी पोचलाच नव्हता. मुलाने निकालाची नक्कल काढण्यासाठी खेपा घातल्या, अर्ज केले, शिक्के मिळवले. सर्व जमले तेव्हा नोकरीवर रुजू होण्याची तारीख टळून गेली होती. त्या ठाण्याचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. कारण दोष एका कारकुनाचा नव्हता. निकाल आणून देणे हे कोणाचेच काम नव्हते, हाच खरा दोष होता. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण सर्वजण जाणतो. या मुलाने पायरी चढली, जिंकला, आणि तरीही हरला.

सरकारला ही उणीव ठाऊक नाही असे नाही. २००८ साली मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, आणि एका ठाण्याची माहिती दुसऱ्या ठाण्यास तत्काळ मिळाली पाहिजे ही गरज सर्वांना तीव्रतेने जाणवली. २००९ मध्ये केंद्र सरकारने देशातील पोलीस ठाणी संगणकाने जोडण्याची, सी.सी.टी.एन.एस. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी योजना २,००० कोटी रुपये खर्चाची म्हणून मंजूर केली. न्यायालयांसाठी 'ई-कोर्ट्स' प्रकल्प आहे. त्याच्या तिसऱ्या टप्प्यास २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. वर सांगितलेली पाचही घरे एका सूत्रात गोवण्यासाठी आय.सी.जे.एस. ही योजना आहे. तिच्या दुसऱ्या टप्प्यासाठी २०२२ मध्ये ३,३७५ कोटी रुपये मंजूर झाले. माहिती एकदाच भरावी आणि ती सर्वांनी वापरावी, हे या योजनेचे तत्त्व आहे. तत्त्व उत्तम आहे यात शंका नाही.

ही जोडणी कशी होते, हेही समजून घेण्यासारखे आहे. न्यायालयातील प्रत्येक खटल्यास सोळा अक्षरांकांचा एक स्वतंत्र क्रमांक मिळतो; त्यास सी.एन.आर. म्हणतात. ठाण्यातील खबरीचा क्रमांक मात्र त्या ठाण्यापुरता आणि त्या वर्षापुरता असतो. म्हणजे 'गुन्हा क्रमांक १२' म्हटले तर तो प्रत्येक ठाण्यात, प्रत्येक वर्षी असणार. ठाणे, वर्ष आणि क्रमांक हे तिन्ही अचूक भरले, तरच ठाण्यातील खबर व न्यायालयातील खटला यांची गाठ बसते. एक आकडा चुकला की गाठ सुटते, आणि निकाल आपल्या खबरीचा शोध करीत जन्मभर फिरत राहतो. कोट्यवधी रुपयांच्या योजनेचे यश शेवटी एखाद्या आडठाण्यातील अंमलदाराच्या काळजीपूर्वक बोटांवर अवलंबून असते, ही गोष्ट मला मोठी बोधप्रद वाटते.

निरोपाचा उशीर तुरुंगात फार जाचतो. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाबाहेर जामिनाच्या हुकुमांसाठी एक पेटी आहे. ठराविक वेळेपर्यंत हुकूम त्या पेटीत पडला तर त्या दिवशी सुटका, नाही तर आणखी एक रात्र कोठडीत! ऑक्टोबर २०२१ मध्ये एका प्रसिद्ध चित्रपट अभिनेत्याच्या मुलाची सुटका अशीच एक दिवस लांबली, तेव्हा त्या पेटीची वार्ता देशभर झाली. ज्याच्या बापाचे नाव वर्तमानपत्रात येत नाही, त्याच्या अशा रात्री कोण मोजतो? त्याच वर्षी जुलै महिन्यात आग्र्याच्या तुरुंगातील १३ कैद्यांना सर्वोच्च न्यायालयाने जामीन देऊनही ते काही दिवस आतच राहिले. त्या वेळचे सरन्यायाधीश रमणा यांनी उद्वेगाने म्हटले होते की, या संगणकयुगातही आपण हुकूम घेऊन येणाऱ्या कबुतरांसाठी आकाशाकडे डोळे लावून बसलो आहोत. त्यातूनच हुकूम विजेच्या वेगाने व सुरक्षितपणे पाठवणारी 'फास्टर' ही व्यवस्था ३१ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. पुढे ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्वच न्यायालयांना सांगितले की, जामिनाचा हुकूम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगाधिकाऱ्याकडे जावा. आणि सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंगाधिकाऱ्याने ती गोष्ट जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाच्या सचिवास कळवावी. आमच्या जिल्ह्याचे उच्च न्यायालय धारवाडच्या खंडपीठात आहे आणि जिल्ह्याचे ठिकाण घाटाखाली कारवारला. या दोहोंमध्ये डोंगर, अरण्य आणि पावसाळा उभा आहे. तेव्हा या आज्ञेचे मोल आम्हांस अधिक कळावे.

येथे कोणी म्हणेल, 'मग झाले तर! तारा जोडा, यंत्रे बसवा, प्रश्न सुटला.' मला तसे वाटत नाही. गुजरात उच्च न्यायालयापुढे २०२३ मध्ये एक प्रकरण आले. एका कैद्याची शिक्षा स्थगित करून त्यास जामीन देण्याचा हुकूम २०२० मध्येच झाला होता आणि तो ई-मेलने तुरुंगात पोचलाही होता. परंतु सोबत जोडलेला कागद तुरुंगातील कर्मचाऱ्यांना उघडता आला नाही आणि कोणी पुढे विचारपूसही केली नाही. तो माणूस जवळजवळ तीन वर्षे अधिक तुरुंगात राहिला. न्यायालयाने त्यास एक लाख रुपये भरपाई देवविली. तीन वर्षांची ही किंमत! निरोप दाराशी आला होता, पण दार उघडणारे कोणी नव्हते. यंत्र वेग देते. जबाबदारी मात्र माणसालाच घ्यावी लागते.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम देशभर गाजले. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. तरी त्या मेलेल्या कलमाखाली खटले चालूच राहिले! फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने निकालाच्या प्रती सर्व राज्यांच्या पोलिसांपर्यंत पोचवण्यास सांगितले. तरीही २०२१ मध्ये एका संस्थेने न्यायालयापुढे मांडले की ११ राज्यांत असे ७४५ खटले अजून उभे आहेत. कायद्याच्या छापील पुस्तकात कलम जसेच्या तसे होते आणि ते रद्द झाल्याची नोंद तळटीपेत होती. ठाण्यातील अंमलदार तळटीप वाचीत नाही. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयास पुन्हा एकदा स्पष्ट आज्ञा द्यावी लागली. दिल्लीचा शब्द ठाण्याच्या टेबलापर्यंत पोचण्यास सात वर्षे पुरली नाहीत, हे पाहून कोणाही विचारी माणसास खेद वाटेल.

याच्या उलट एक मत आहे, आणि तेही तितकेच विचारात घेण्यासारखे आहे. ते असे की, सगळ्या वह्या एकत्र केल्या तर सरकारच्या हाती भलतीच सत्ता येईल. एका वहीतली चूक पाच वह्यांत पसरेल आणि एकदा लागलेला डाग कधीच धुतला जाणार नाही. ही भीती पोकळ नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यायोगे संपूर्ण जातीच्या जाती पोलिसांच्या नोंदवहीत चढवल्या गेल्या. सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवण्यात आले. त्या घरी जन्मलेले मूल काही करण्याआधीच संशयित ठरले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, त्या जमाती विमुक्त म्हणवल्या गेल्या. परंतु वहीतला संशय मनातून जाण्यास किती पिढ्या लागतात, हे त्यांच्यापैकी कोणासही विचारावे. तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाका, असे सर्वोच्च न्यायालयास ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगावे लागले, यातच सर्व आले. तेव्हा यंत्र नव्हते, कागदी वही होती. त्या वहीने एवढे केले, तर न विसरणारे यंत्र काय करील?

खाजगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. परंतु गुन्ह्याचा तपास व प्रतिबंध या कामांना त्यातील बऱ्याच बंधनांतून सूट आहे. मुलांच्या बाबतीत मात्र आपला कायदा अधिक शहाणा आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे, काही गंभीर अपवाद सोडता, चुकलेल्या मुलाची नोंद ठराविक मुदतीनंतर नष्ट करावयाची असते; त्या चुकीने त्याचे पुढील आयुष्य अडू नये, हा हेतू. विसरणे हाही कधीकधी न्यायाचाच भाग असतो, ही केवढी थोर कल्पना आहे! परंतु तीच नोंद आधी पाच घरी पोचली असेल आणि पुसण्याचा हुकूम एकाच घरी गेला, तर कायद्याची ती दया कागदावरच राहील.

म्हणून वह्या जोडाव्यात की जोडू नयेत, हा वादच मला अपुरा वाटतो. माझे मत असे की, त्या जोडाव्यात. परंतु एका अटीवर. आरोप ज्या वाटेने आणि ज्या वेगाने जातो, त्याच वाटेने आणि त्याच वेगाने मुक्ततेचा, जामिनाचा, दुरुस्तीचा आणि पुसून टाकण्याचा निरोपही गेला पाहिजे. आज आरोपाला घोडा मिळतो आणि निर्दोषत्वाला पायी चालावे लागते. हा अन्याय यंत्राने वाढवू नये, मिटवावा.

त्यासाठी चार गोष्टी व्हाव्यात असे वाटते. पहिली, प्रत्येक नोंदीचा धनी ठरलेला असावा. निकालाची नोंद न्यायालयाने करावी आणि ती ठाण्याच्या यादीत आपोआप उमटावी. पक्षकाराने नक्कल घेऊन धावू नये. दुसरी, निरोप पाठवल्यावर तो पोचल्याची व वाचल्याची पोच परत यावी. ठराविक मुदतीत ती आली नाही तर वरिष्ठास कळावे. रजिस्टर टपालाची पोचपावती आपल्या आजोबांच्या वेळीही होती, मग एवढ्या मोठ्या यंत्रणेत ती का नसावी? तिसरी, केवळ नावावरून कोणासही ओळखू नये. नाव त्याच्या स्वतःच्या लिपीत व बाकीच्या लिप्यांत एकत्र नोंदावे, आणि तोच का हे अन्य खुणांनी पडताळावे. चौथी, माझी नोंद कोणी व केव्हा पाहिली याचा हिशेब राहावा, आणि ती चुकीची असेल तर दुरुस्त करून मागण्याचे ठिकाण तालुक्यातच असावे. कर्नाटक पोलिसांची संगणकप्रणाली निराळी, शेजारच्या राज्यांची निराळी, ही सबब सामान्य माणसाने का ऐकावी? गोव्याच्या गाडीला आणि आमच्या गाडीला कॅसलरॉकच्या स्टेशनात रूळ एकच लागतो.

आणखी एक गोष्ट आमच्यासारख्या अरण्यप्रदेशासाठी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये असा दंडक घातला की, काही नाजूक प्रकरणे वगळता, प्रत्येक प्रथम खबर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर यावी. मात्र दुर्गम भूप्रदेशामुळे जोडणी मिळत नसेल तर ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढवता येते. हे वाचताना मला आमचीच गावे डोळ्यांपुढे आली. काळी व्याघ्रप्रकल्पाच्या रानातील वाड्यांवर रेंज मिळावी म्हणून लोक टेकडी चढतात, आणि पावसाळ्यात वीज दिवसचे दिवस येत नाही. न्यायालयाने आमची अडचण जाणली, हे खरोखर उपकार. पण अडचण जाणणे आणि ती कायमची मानणे यांत अंतर आहे. जोवर तार पोचत नाही तोवर कागदाचा मान कमी होऊ नये. यंत्रात दिसत नाही म्हणून हातातला शिक्क्याचा कागद खोटा ठरवणे, ही यंत्राची नव्हे, माणसाची अंधश्रद्धा होय.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या ठाण्यात बसेल, कोणी कचेरीत, कोणी त्या संगणकाची रचना करील. परंतु तोवरही तुम्हांस करण्यासारखे पुष्कळ आहे. आपले नाव सर्व कागदांवर एकसारखे लिहिले आहे की नाही, हे आजच घरी तपासा. खबरीची प्रत फिर्याद देणाऱ्यास विनामूल्य मिळते, हे वडीलधाऱ्यांना सांगा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीस कळवणे पोलिसांचे कर्तव्य आहे, हेही सांगा. खटल्याचा सोळा अक्षरांकांचा क्रमांक जपून ठेवला तर त्याची पुढील तारीख घरबसल्या पाहता येते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक व तुरुंगात असलेले यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. आजीच्या हाती एखादा कन्नड किंवा इंग्रजी कागद आला तर तो तिला कोंकणीत वाचून दाखवणारा नातू, हाही न्यायाचा निरोप्याच असतो.

दरवर्षी जून महिन्यात मी नव्या मुलांची नावे शाळेच्या पटावर चढवतो. पूर्वी ते काम मी भराभर उरकीत असे. त्या माजी विद्यार्थ्याची हकीकत घडल्यापासून माझा हात सावकाश चालतो. मुलाला त्याचे नाव उच्चारायला सांगतो, आईला विचारतो, जन्मतारीख दोनदा पाहतो. मी लिहीन ते हे मूल कुठे कुठे घेऊन जाईल, हे मला ठाऊक नाही. कुठेतरी, कोणत्या तरी दारात, त्याचे नाव बरोबर असण्यावर त्याची सुटका अवलंबून असेल.